फिल्मचा जोड

टुरिंग टॉकीजचा विषय निघाला की मला धामणगाव बढ्याच्या एक मावशी आठवतात. मी तिथे ऑपरेटर होतो. मुंबईला गेलेला त्यांचा मुलगा परतलाच नव्हता. आमच्या सिनेमातल्या बाजाराच्या गर्दीत तो चालताना दिसतो, म्हणून त्या रोज यायच्या.

एकदा फिल्म नेमकी तिथेच तुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाटका भाग कापून, टोकं खरवडून एकमेकांवर चिकटवत होतो, तेवढ्यात त्या आल्या.

"माहा पोरगा राह्यला का, भाऊ?"

"मावशी, जोडासाठी थोडं कापाच लागते. एवढा तुकडा गेला, बाकी हाय."

त्यांनी तो तुकडा मागून घेतला आणि उन्हासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"हा तं दुसराच कोनी हाय," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला.

"तरी जोड पक्का लावजो, भाऊ. चालते तं अगदी त्याच्यासारखाच चालते."

त्या संध्याकाळीही त्यांनी तिकीट काढलं.