सरागुरोहून आलेला मेणाचा ठोकळा

—नाही नाही, तुम्ही बोलू नका, दोन्या एर्मिंदा! गळ्याचं ऑपरेशन परवापरवाचं, नि लगेच आवाज काढायला निघालात? बसा. बोलायचं काम माझं. मी डॉक्टर नार्सिसा, इथली पॅथॉलॉजिस्ट — दिवसभर माझ्यापुढे मायक्रोस्कोपखालच्या काचाच असतात, माणसं कुठली! आणि काचा काय गप्पा मारतात होय?

आधी सांगा — अहं, नुसती मान हलवा — सरागुरोहून निघण्याआधी तो तुमच्या गाठीचा मेणाचा ठोकळा देव्हाऱ्यात ठेवायची अक्कल कुणाची? सासूबाईंची? वाटलंच मला! इथे कुएन्काला रोज कुणी ना कुणी मेणात बसवलेली आपली गाठ तपासायला बसनं घेऊन येतंच — कुणी चीजच्या डब्यातून, कुणी पोलक्यात खोचून. पण मारियामातेसमोर, पेटत्या मेणबत्त्यांच्या रांगेत? अहो, तेही मेणच की! वितळेल नाही तर काय? तुम्ही आणलेली डबी उघडली तर आत सगळं थारोळं, नि गाठीचा तुकडा कोपऱ्यात आडवा. कपाळाला हात लावला मी. मग? मग काय, नव्या मेणात बसवला, नवे काप काढले. मारियामातेनं ऐकलंही असेल हो, पण मेणबत्तीला काय कळतंय कुठलं मेण कुणाचं?

पण निकाल मी सांगणार नाही हं. तो सर्जन सांगेल — डॉक्टर अल्वेआर भारी मानी, त्याच्याआधी मी तोंड उघडलं तर महिनाभर फुगून बसेल. मी आपली नुसतं समजावते. गाठ कॅन्सरची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रश्न एवढाच — तिच्यातल्या पेशी अजून थायरॉइडसारख्या वागतात, की बिथरल्यात? शहाण्या असल्या की एकमेकींना घट्ट धरून, फेर धरून बसतात. धरून ठेवणारा एक रेणू असतो, ई-कॅडहेरिन म्हणतात. बिथरल्या की बहुतेकदा तोच कमी होतो — मग हात सुटले, वाट फुटेल तिकडे पांगल्या, नि आयोडीनच्या औषधालाही दाद देईनाशा होतात. तुमच्या गावच्या अहवालात तीच शंका होती ना? म्हणून तर आम्ही तो रेणू रंगवून बघतो — असला तर पेशींच्या कडा तपकिरी होतात. नि काय सुरेख कडा हो! एकूण एक! फेरसुद्धा कसे गोल गोल! काल बघितल्या नि एकटीच टाळ्या पिटत बसले, शेजारची—

अगंबाई. बोलून गेले.

अहो, रडताय कशाला? घ्या, रुमाल घ्या. हो, हो, आयोडीन लागू पडेल असंच दिसतंय. दुखणं संपलं असं नाही, थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर आहेतच — पण शहाणं दुखणं आहे, बाई. खरं सांगू? मी पण घाबरले होते. ते थारोळं बघून वाटलं, आता रंगच चढायचा नाही, नि ह्या बाईला मी काय तोंड दाखवू?

बरं, उठा आता. वर अल्वेआर वाट बघतोय. तो सांगायला लागला की पहिल्यांदाच ऐकताय असा चेहरा करा — अहो, असा नाही! हसू आवरा आधी! जा, जा, जिन्यानं जा, तेवढ्यात आवरेल.