शुक्रवार पेठेत बजाबाई गाडीखाली सापडून मयत झाली त्याबाबत

माझे नाव सोजरबाई भ्रतार आप्पा, वय अजमासे चाळीस, धंदा मुन्शिपालटीत रस्ते झाडणे, राहणार शुक्रवार पेठेच्या मागील वस्ती, सोलापूर. सन १९३४ चे मे महिन्यात पोलीस चौकीवर आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावले नाही. समक्ष सांगते ती हकिकत खालीलप्रमाणे.

मयत बजाबाई ही माझी थोरली जाऊ. आमची चूल एक होती. तिच्याकडे शुक्रवार पेठेतील गल्ली होती, माझ्याकडे तिच्या पलीकडची. लग्न होऊन आले तेव्हा झाडू कसा धरावा म्हणजे कंबर धरत नाही, हे तिनेच मला दाखवले. माझे दीर महिपती, म्हणजे तिचे यजमान, जबाब देण्यास आलेले नाहीत. ते सध्या कोणाशी बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मुन्शिपालटीचे दिवाबत्तीवाले कुंडलिक यांनी आम्हा कामगारांची युनियन काढली. जर्मनच्या मोठ्या लढाईनंतर आमचा पगार वाढला नव्हता. झाडू आम्हालाच विकत घ्यावा लागे. बाईला गड्यापेक्षा कमी मिळे. पगारवाढीचा अर्ज दिला, तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात बघू, असे उत्तर मिळाले. अंदाजपत्रक झाले. त्यात आमचे काही नव्हते.

म्हणून मारुतीच्या पाराजवळ सभा झाली. आधी गड्यांचा पगार मागू, बायकांचा मागाहून बघू, असे काही जण म्हणाले. त्यावर बजाबाई उठून बोलली, "धूळ काय बाई बघून कमी उडती व्हय?" सर्व लोक हसले. कुंडलिकही हसले आणि बायकांचा पगारही मागण्याचे ठरले. नंतर संप सुरू झाला.

सुरुवातीस पेठेतील लोक आमच्या बाजूने होते. एका दुकानदाराने गूळशेंगा दिल्या. पुढे ऊन वाढले, कचरा साठला, माशा झाल्या. तेव्हा तेच लोक आम्हास शिव्या देऊ लागले. मी त्यांना दोष देत नाही. वास आम्हालाही येत होता.

कचरा उचलण्याचे काम मग बाळासो ठेकेदार यांना दिल्याचे समजले. त्यांनी बाहेरगावच्या बैलगाड्या आणल्या. त्या अडवायच्या असे ठरले. बैलाला किंवा माणसाला हात लावायचा नाही, फक्त रस्त्यात बसायचे, असे कुंडलिक यांनी प्रत्येकीकडून कबूल करून घेतले होते.

घटनेच्या दिवशी सकाळी, उन्हे छपरावर आली होती तेव्हा, आम्ही बायका शुक्रवार पेठेत बजाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी बसलो होतो. गडी दुसऱ्या नाक्यावर होते. एक गाडी आली. गाडीवान सिद्धप्पा. त्याचे नाव मला नंतर समजले. बाळासो ठेकेदार गाडीच्या मागून पायी येत होते. त्यांच्या हातात बैल हाकायची काठी, पराणी होती. तिच्या टोकाला लोखंडी आर होती.

गाडीवानाने आम्हाला पाहून बैल थांबवले. बजाबाईने त्यास विचारले, "पावणं, कुटलं गाव?"

तो म्हणाला, "अक्कलकोटच्या पल्याड. खडी वाहायची हाय म्हून आणलं मला."

"मग ही खडी हाय व्हय?" असे म्हणून तिने कचऱ्याच्या ढिगाकडे हात केला. "आमी हितलं झाडणारं. पगारासाटी बसलोय."

गाडीवानाने ढिगाकडे पाहिले. नंतर कानडीत काहीतरी पुटपुटला व खाली उतरला. बैलांच्या गळ्याची दोरी सोडू लागला. त्याच्याकडच्या बैलाची सुटली, जू अजून मानेवरच होते. दुसऱ्या बैलाकडची गाठ आवळली होती. बजाबाई उठली, म्हणाली, "थांबा की, मी सोडते," आणि चाकाच्या पुढ्यात, बैलाच्या मानेशी जाऊन ती गाठ सोडू लागली. बैलाला हात लावायचा नाही हे ती विसरली असेल. ती गाठ दातांनी सोडत होती, हे मी पाहिले.

बाळासो ठेकेदार ओरडले, "जू उतरवलंस तर एक छदाम मिळायचा न्हाय!" गाडीवान म्हणाला, "नको मला. बाया बसल्यात, बैल न्हाय घालणार." तेव्हा बाळासो ठेकेदार पुढे आले आणि बजाबाई ज्या बैलाची गाठ सोडत होती त्याच्या पुठ्ठ्यात, शेपटीच्या बाजूस, त्यांनी आर टोचली. एकदा टोचली, बैल हलला. पुन्हा टोचली. बैल उधळला. बजाबाई चाकाखाली आली. चाक कमरेवरून गेले.

गाडीवान कासरा धरून फरफटत गेला, पण त्याने कासरा सोडला नाही. गाडी भिंतीला अडली तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे सोलले होते. तो लंगडत परत बजाबाईजवळ आला. बाळासो ठेकेदार परत आले नाहीत.

ती पाणी मागत होती. मी गल्लीत दारे वाजवली. दारे उघडली नाहीत. एका माडीवरून, पाणी ओतते, ओंजळ धर, असे एक बाई म्हणाली. बजाबाईला ओंजळ धरता येत नव्हती. गाडीवानाने गाडीतला स्वतःचा लोटा आणला, तिची मान उचलली आणि लोटा तिच्या तोंडाला लावला. आम्हा झाडणाऱ्यांच्या तोंडाला कोणी आपला लोटा असा लावत नाही. हे मी मुद्दाम सांगते, ते लिहून घ्यावे.

वस्तीतून एक दार काढून आणले, त्यावर तिला निजवून इस्पितळात नेले. तिथे तिने मला लुगडे सारखे करण्यास सांगितले. मी केले. नंतर ती बोलली नाही. दुपारी मयत झाली.

त्यानंतर संपाची तडजोड झाली. गड्यांचा पगार मागितल्यापेक्षा कमी, पण वाढला. झाडू मुन्शिपालटीने द्यायचे ठरले. बायकांचे मागाहून बघण्याचे ठरले. कुंडलिक यांनी हे सभेत सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. सांगून झाल्यावर ते खाली बघत उभे राहिले.

मी कामावर हजर झाले. बजाबाईची गल्ली मला जोडून दिली आहे. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी रक्तावर कोणीतरी माती टाकलेली होती. ती झाडून काढ म्हणून मुकादमाने सांगितले. मी काढली.

युनियनपैकी कोणी मला जबाब देऊ नको म्हणून सांगितले काय, असे विचारल्यावरून सांगते की, तडजोड झाली आहे, ठेकेदाराचे नाव घेतले तर ती मोडेल आणि पुन्हा सर्वांच्या चुली विझतील, असे मला सांगण्यात आले. सांगणारा मनुष्य वाईट नाही. तो सांगताना रडला. त्याचे नाव मी देणार नाही.

बजाबाईस गाडीवान सिद्धप्पा याने मारले, असे म्हणून त्यास अटकेत ठेवल्याचे काल मला समजले. म्हणून मी आले आहे. त्याने मारले नाही. त्याची घरची माणसे परगावी आहेत. त्याचे बैल वस्तीत आमच्या दारात बांधले आहेत. त्यांना वैरण आम्ही घालतो. त्याच्या बाजूने बोलणारे इथे कोणी नाही, आणि माझी जाऊ परत येणार नाही.

माझी नोकरी जाईल हे मला ठाऊक आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, व्हय.

मला लिहिता-वाचता येत नाही. लिहिलेला जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला. त्यात "बैल आपोआप बुजला" असे आले व बाळासो ठेकेदार यांचे नाव आले नाही. मी अंगठा देण्यास नकार दिला. हवालदारांनी मला बाहेर बसवले. बऱ्याच वेळाने आत बोलावून जबाब पुन्हा लिहिला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा नाव जागेवर होते. खात्रीसाठी तेवढी ओळ मी आणखी एकदा वाचून घेतली. आता माझ्या तोंडचेच आहे, जास्त नाही, उणे नाही. म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.