झोपलेल्यांच्या नावापुढचं शून्य

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपले संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेले सहकारी आणि जड मनाने आज ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या मोठ्या सिस्टर,

मला दोन मिनिटं मिळाली आहेत. सिस्टरांनी मला किती वेळा फैलावर घेतलं, एवढं सांगायलाही ती पुरायची नाहीत.

आमचं संशोधन आपल्याला ठाऊक आहेच. पोटाच्या कॅन्सरच्या रुग्णांना गुंगीचं औषध वाढवून दिलं, तर वेदना कमी होतात का? दर चार तासांनी किती दुखतंय ते विचारायचं आणि शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. झोपलेल्याला कोण उठवणार? आम्ही शून्य लिहीत गेलो. निष्कर्ष झकास आला. साहेबांनी वॉर्डभर गुंगीचा डोस वाढवला, वेदनेचं औषध कमी केलं. माझा सत्कार याच सभागृहात झाला. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या.

सिस्टरांना मात्र चैन पडेना. एक शिंपीकाका दिवसभर गाढ झोपलेले, पण चादर मुठीत आवळलेली. माझ्याशी भांडून सिस्टरांनी त्यांची गुंगी उतरू दिली आणि विचारलं.

काका म्हणाले, "दुखत तर रोजच होतं. सांगायला तोंड उघडत नव्हतं."

मी सिस्टरांवरच उखडलो. घाबरलो होतो हो, दुसरं काय? माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जात होती. त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, शून्य त्यांनी सांगितलं नाही. आपण लिहिलं."

कागद पुन्हा तपासले. बेचाळीस रुग्णांचे आकडे असेच निघाले. दुरुस्त अहवाल तीन महिन्यांपूर्वी साहेबांच्या टेबलावर ठेवला. योग्य वेळी बघू, असं उत्तर मिळालं. सिस्टर आज निवृत्त होताहेत आणि वॉर्डात तोच डोस चालू आहे.

साहेब, मी गंमत करत नाहीये. पुढचा डोस चार वाजता आहे, आत्ता पावणेचार झालेत. डोस बदलण्याचा आदेश आणि पेन तुमच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवतोय.

इतकं ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात बोलू नये ते बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या बेचाळीस शून्यांची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ज्यांची मागायची, त्यांतले एकतीस जण आता नाहीत. उरलेल्यांपैकी तिघं वरच्या मजल्यावर झोपले आहेत. साहेब, सही करा. मी आणि सिस्टर त्यांना उठवायला जातोय.