देवी काढल्या

चूक माह्या बापाची, साहेब, दुसऱ्या कोणाचीच नाई — डोमाजी नाव त्याचं, तुमच्या वहीत असंल, आमच्या वस्तीतलं पयलंच घर — नाई, बसा, बसा, पंक्चर एक नाई, दोन हायेत, तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं आलात म्हणजे बाभळीचा काटा आलाच — त्या पेटीवर बसा. तुमच्या थैलीवर लाल अक्षरात लिवलं हाय, म्हणून समजलं का तुमी नवे देवी-डॉक्टर, लस टोचाले निंगाले. आमच्याच वस्तीत ना? म्हणून तं सांगून राहिलो. नाई तं मी गिऱ्हाइकाशी बोलत नाई, फक्त भांडतो, विचारा कोणालेबी.

तं बापाची चूक. चार वर्सं झाली, एकसष्टचा मे महिना, मी तवा अमरावतीले इंटर सायन्सले, सुटीत घरी आलतो. तुमच्या जागी तवा केशवराव होते. काय रुबाब बुवा त्या माणसाचा! निंबाखाली सायकल उभी केली — निंब आमच्या वस्तीच्या बाहेर हाय, सडकेवर — अन् तिथूनच आवाज, ‘डोमाजी, पोरांच्या देवी काढल्या काय?’ आता पाहा, देवीची लस घेण्याले आमच्या घरात ‘टोचणं’ म्हणतात. ‘देवी काढणं’ हे तुमचं कचेरीतलं बोलणं. अन् म्हातारा तं छप्पन साली नागपूरले पायी जाऊन दीक्षा घेऊन आलता, घरातले देव, देवी, टाक, सगळं टोपल्यात भरून त्यानं नदीत सोडलं होतं. (माहं नाव मात्र देवमन ते देवमनच राहिलं, ते काही नदीत सोडता आलं नाई.) त्यानं छाती फुगवली अन् सांगतलं, ‘साहेब, देवी आमी छप्पन सालीच काढल्या! एकबी ठेवली नाई घरात!’ सारी वस्ती हसली. शेजारची माणिकबाई तं हसता हसता खालीच बसली. अन् केशवरावानं वहीत लिवलं — काढल्या. पुढचं घर.

हसा ना, हसा, हसण्यासारखंच हाय ते.

हा पाना पाहा. बारा नंबरचा. हा बाराच्याच नटाले बसंल, अकराले लावा, नुसता फिरते. कॉलेजातले आमचे सर सांगत — परदेशातल्या मासिकात वाचून, अजून पुरतं सिद्ध नाई हेबी सांगत — का रक्तातल्या पांढऱ्या पेशीले ना डोळे, ना कान. मंग तिले परका समजते कसा? तं तिच्या अंगावर, वरच्या सालीवर, असे पाने असतात. एका पेशीवर एकाच मापाचे. जंतूच्या अंगावर नट. पेशी त्याले घासत जाते — माप नाई बसलं, चाल पुढं. बसलं का आतमंधी घंटी वाजते, अन् त्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, साऱ्यायच्या अंगावर तोच पाना, अन् वरून सुटे पानेबी रक्तात सोडतात, जंतू जागच्या जागी जाम! पण या कारखान्याले दिवस लागतात, अन् खरी देवी आली म्हणजे तेवढे दिवस भेटतीलच असं नाई. तुमची लस काय करते? जंतूचा सौम्य भाऊबंद आणते, नट जवळपास त्याच मापाचा. पेशी शिकून ठेवते. मंग खरा आला का तयारच. तुमी रोज टोचता अन् तुमाले हे कोणी सांगतलं नाई? सांगतच नाईत. मोठ्या माणसाले भेव असते, पोट्ट्याले समजलं तं पोट्टं प्रश्न विचारंल.

पण मुद्दा ध्यानात घ्या — अंगाले अंग लागल्याबिगर ओळख नाई. दुरून हाका मारून तिले काई समजत नाई. पुढच्या साली तोंडी परीक्षेत बाहेरच्या साहेबानं मले हेच इचारलं, शरीर परक्याले ओळखते कसं? मी म्हटलं, हात लावून, साहेब. तो हसला, म्हणे शास्त्रीय भाषेत बोल. मी म्हटलं, तुमच्या शास्त्रीय भाषेनंच घात केला. उठलो, बॅग उचलली, ते आजपर्यंत कॉलेजचं तोंड पाह्यलं नाई. हे दुकान मोतीराममामाचं, मंग इथंच.

काहून एवढा राग? केशवरावानं पुढं येऊन माह्या बहिणीचा, शालूचा दंड नुसता उलटा करून पाह्यला असता तं खूण दिसली नसती. खूण नव्हतीच. माह्या दंडावर दोन हायेत, अकोल्याच्या शाळेत टोचलं होतं. शालू सात वर्साची, तिले कोणी टोचलंच नाई. पण तो माणूस निंबाखालून हाललाच नाई. मायनं पाण्याचा गडू पुढं केला तं ‘तहान नाही’ म्हणे. मे महिन्यात! वऱ्हाडात! तहान नाई!

मी? मी दारातच उभा होतो. हो ना, इंटर सायन्स, मले दोन्ही अर्थ समजले होते. मले पक्कं समजलं होतं साहेब का काय विचारलं अन् काय सांगतलं. पण बापानं अशा माणसाले तोंडावर बोललेलं मी पयल्यांदाच पाहून राहिलो होतो. सारे हसत होते. म्हटलं, जाऊ दे, मंग सांगू. अन् सांगतलं असतं तं केशवरावाले शालूले हात लावा लागला असता, त्याचं ते आखडलेलं तोंड मले पाहाचं नव्हतं. मीबी हसलो. साऱ्यायहून जास्त हसलो.

पुढच्या फागुनात वस्तीत देवी आल्या, मी अमरावतीहून घरी आलो. माहं टोचलेलं होतं, म्हणून शालूजवळ मीच बसो. ती म्हणे, दादा, तुले काहून नाई होत? मंग मी तिले ही पान्याची गोष्ट सांगतली. म्हणे, मंग मले दे ना तुह्यातला एक.

झाली तुमची सायकल. हवा पाहून घ्या. पाणी पेता? माठातलं हाय. घ्या — अरे, तोंड लावून पेले — बरं.

जा आता, ऊन वाढंल. डोमाजी ओट्यावर बसला दिसंल, त्याले काई विचारू नका, आजकाल तो कोणालेच उत्तर देत नाई. त्याच्या बाजूले पंचफुला, तिच्या दोन पोरी हायेत, ‘काढल्या’ म्हणंल ती, ऐकू नका, दंड हातात घेऊन पाहा. प्रत्येकाचा.

आमच्या घरी थांबू नका. मले एकच बहीण होती.