समोरची खुर्ची

अधिकारी: ...दार बंद करू का? बाहेर कुणी ऐकलं तर—

दुभाषी: आता कसलं दार जपताय, मॅडम! तक्रार कुणी केली ते शिपायापासून छावणीच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बॅगेवर बसा. कुणी बसल्याशिवाय बंदच होत नाही ती.

अधिकारी: खरंच निघालीस?

दुभाषी: निघाले कुठली, काढलंय मला. बदली म्हणायचं त्याला. मुख्यालयात बसून अहवालांची भाषांतरं करायची. साहेब काय गोड बोलले! म्हणे, "तुम्हाला जरा विश्रांतीची गरज आहे."

अधिकारी: तुझं नाव माझ्या खोलीबाहेर जाणार नाही, असं म्हणाले होते मी.

दुभाषी: हो. म्हणून तर बोलले. निर्वासित छावणीतल्या बायका पहारेकऱ्यांबद्दल रडून रडून सांगायच्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं की साहेब म्हणायचे, "एवढं गाळा." आधी गाळलंही मी, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस जीभच वळेना. तशीच उठून तुमच्याकडे आले.

अधिकारी: नाव कसं फुटलं, ते कळलंय मला.

दुभाषी: तुमच्या टायपिस्टनं फोडलं. घरी बसवलंत ना तिला?

अधिकारी: तिनं नाही. मी फोडलं.

दुभाषी: काहीतरीच काय!

अधिकारी: तक्रार दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कँटीनमध्ये एकटी बसली होतीस. घास उतरत नव्हता तुला. मला राहवेना. ताट घेऊन आले आणि तुझ्यासमोर बसले.

दुभाषी: आठवतंय. तुमच्यातलं केळं दिलंत मला.

अधिकारी: मी इथं कुणाबरोबर जेवत नाही. नियमच आहे तो आमच्या तक्रार खात्याचा, मीच केलेला.

दुभाषी: सगळे 'कुलूप' म्हणतात तुम्हाला.

अधिकारी: माहीत आहे. आणि ते कुलूप नेमकं तुझ्याच टेबलावर जाऊन बसलं. मग तक्रार कुणाची, हे सांगायचं काय उरलं? आज मी कँटीनमध्ये शिरले, तर रिकाम्या खुर्च्यांवर लोकांनी भराभर पिशव्या ठेवल्या. मी शेजारी बसू नये म्हणून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

(दुभाषी बॅगेची चेन ओढायची थांबते.)

दुभाषी: आणि ती टायपिस्ट बिचारी?

अधिकारी: फोन केला. माझा आवाज ऐकून तिनं ठेवून दिला.

दुभाषी: बरं केलं तिनं.

अधिकारी: उद्या बाहेरची समिती येतेय. साहेबांच्या हाताखाली नसलेली, पहिल्यांदाच. किती वर्षं भांडले मी तिच्यासाठी! आता तिच्यापुढं पहिली तक्रार माझी, माझ्याचविरुद्ध. तुझं प्रकरणही सोडतेय मी.

दुभाषी: वा! म्हणजे तुम्ही मोकळ्या. मनावरचं ओझं उतरलं, रात्री झोप लागणार. आणि मी?

अधिकारी: तुझ्याकडे काही मागायला तोंड नाही मला.

दुभाषी: पण मागायलाच आलायत.

अधिकारी: हो. तू बोलली नाहीस, तर त्या बायकांचं म्हणणं समितीला कोण सांगणार? नवा दुभाषी साहेबांनीच निवडलाय. पण नाही म्हणालीस तरी माझा राग नाही. एकदा माझ्यावर विश्वास ठेवून पस्तावलीस, पुरे झालं.

दुभाषी: तुम्ही दयेपोटी चुकलात, मॅडम. मी भीतीपोटी. ज्यांचं म्हणणं मी गाळलं, त्यातली एक बाई मला अजून रस्त्यात हात करते. तिला वाटतं, तिचं सगळं म्हणणं मी पोचवलं. तो हात बघवत नाही मला. उठा. बॅग उघडायचीय. उद्याचे कपडे तळाशी गेलेत.

अधिकारी: येतेस?

दुभाषी: येते. पण आधी त्या टायपिस्टच्या घरी जा. फोन नको, दारात उभ्या राहा.

अधिकारी: आत्ताच जाते. आणि उद्या कँटीनमध्ये मी तुझ्यापासून लांब बसेन, काळजी करू नकोस.

दुभाषी: प्रकरण सोडलंत ना? मग समोरच बसा. त्या टेबलावर आता दुसरं कुणी येत नाही.