सगळे उठले

धुळ्याच्या स्टँडवर प्रमिलाबाई शिरपूरच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या, पण कान शेजारी शेंगा खात बसलेल्या लता आणि सुंदर या मैत्रिणींच्या बोलण्यात अडकले होते.

लता सांगत होती, "सासूबाईंचा आवाज ऐकला की मला चक्कर येते ना, म्हणून त्यांनीच नेलं देवपूरला, मनाच्या डॉक्टरकडे. म्हणे, वेडी निघाली की थेट माहेरी टाकते!"

"अगं बाई! मग?"

"डॉक्टर म्हणाला, एकट्या सुनेला तपासत नाही. एक चाक कुरकुरलं तरी बठ्ठी, सगळीच्या सगळी बैलगाडी बघावी लागते. बठ्ठं घर आणा!"

"नेलं?"

"शेतावरच्या सालदारासुद्धा! गोल बसवलं. म्हणाला, एकानं सांगायचं, ज्याला तसंच वाटतं त्यानं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. मी म्हटलं, मला सासूबाईंची भीती वाटते."

"तोंडावर?"

"तोंडावर! तर नवरा येऊन बसला शेजारी. मग दीर, नणंद, सालदार. शेवटी नाना उठले, धोतर सावरत!"

"सासरेबी?"

"समोर सासूबाई एकट्या. अशा कडाडल्या, 'उठा रे बठ्ठा!' तर बठ्ठे उठले. डॉक्टरबी उठला!"

"आणि तू पडलीस."

"नाही ना! बसूनच राहिले. चक्कर आलीच नाही!"

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "उठा वं! साक्रीनी गाडी लागनी!"

सुंदर उठली. प्रमिलाबाईंना जायचं होतं शिरपूरला, तरी त्याही पिशवी उचलून ताडकन उभ्या राहिल्या.

"येते, आत्याबाई," लता बाकावरूनच सासूबाईंना म्हणाली, "एवढ्या शेंगा संपू द्या."