नळ्यांचं पाकीट

शिरूरच्या स्टँडवर अनिता दौंडच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी दोन अनोळखी बायका बोलत होत्या, आणि तिचे कान आपसूक तिकडं लागले.

"नारळपाण्याच्या एवढ्या नळ्या? घरी लगीन हाय का?"

"न्हाई मावशी, एकटीच राहते मी. दुकानदार एक-दोन सुट्ट्या नळ्या देईना. माझा पोरगा राहिल तिकडं ग्रीसला हाटेलात कामाला हाय. त्यानं फोनवर गार कॉफी शिकवली."

"ती कशी करत्यात?"

"बरणीत कॉफी, साखर, घोटभर गार पाणी. झाकण लावून हलवत राहायचं."

"ताक केल्यावानी."

"व्हय. नुसता फेस येतो. मग गिलासात बर्फ, पाणी, जरासं दूध."

"आन् गटागटा प्यायचं."

"मी तसंच प्याले, तर पोरगं वरडलं. तिथं म्हणं नळीनं पीत एका गिलासावर दोन-दोन तास बसत्यात, गप्पा मारत."

"मग तू बी बस की."

"बसते. फेस खाली जातो, बर्फाचं पाणी होतं."

"पोराला फोन लावावा."

"तवाच त्याची ड्यूटी असती. लोकांम्होरं तेच गिलास ठेवत असतो."

बाईनं पाकिटातून एक नळी काढली.

"ही एक नळी घ्या मावशी. कवा दौंडला आला तर माझ्याकडं घेऊन या."

"अगं, मी पाबळची. मला कोण आणतंय दौंडला?"

"असू द्या जवळ."

पाबळची गाडी लागली. मावशी नळी पिशवीत खोचून गेल्या. बाईनं पाकिटाचं तोंड दुमडलं, उघडलं, पुन्हा दुमडलं.

"मी दौंडातच राहते," अनिता म्हणाली. "आन् मला घाई नसती."